इंची पान्हा, मिलिमीटरी पान्हा

मोटारीचे सुटे भाग आणि हत्यारे यांसाठी नाव मिळविलेले बाजार भारताच्या प्रत्येक मोठ्या शहरात आहेत. मुंबईचा नागदेवी रस्ता, पुण्याची बोहरी आळी, दिल्लीचे काश्मीरी गेट, कोलकात्याचा मल्लिक बाजार ही त्यांपैकी काही सर्वपरिचित नावे. अशा बाजारात जाऊन एखाद्या गृहस्थाने घरच्या गाडीसाठी गोटी पान्ह्यांची पेटी मागितली, म्हणजे जाणता दुकानदार पेटी पुढे करण्याआधी एकच गोष्ट विचारतो : 'गाडी कोणती?' वरवर पाहता हा साधा व्यापारी प्रश्न आहे. परंतु तो विचारावा तरी का लागतो, हे शोधू गेल्यास लंडन, फिलाडेल्फिया, झुरिक आणि वॉशिंग्टन अशा चार दूरच्या शहरांत जावे लागते आणि जवळजवळ दोनशे वर्षांचा प्रवास करावा लागतो.

ज्यांचा या हत्याराशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी प्रथम दोन शब्द त्याच्या रचनेविषयी. साधा पान्हा नटाला बाजूने धरतो आणि त्याच्या सहा बाजूंपैकी दोनच पकडतो. गोटी ही पोलादाची एक लहानशी पोकळ नळकांडी असते. तिच्या एका तोंडाला नटाच्या मापाची सहा किंवा बारा कोनांची खोबण असते, दुसऱ्या तोंडाला चौकोनी भोक. कोनांचे तोंड नटावर टोपीसारखे बसते आणि चौकोनी भोकात दांड्याचे चौकोनी टोक अडकते. दांडा रॅचेटचा असेल तर तो एका दिशेने पकडतो आणि दुसऱ्या दिशेने टकटक करीत मोकळा फिरतो. त्यामुळे अडचणीच्या जागीसुद्धा गोटी नटावरून न काढता काम पुढे चालते. दांडा एक आणि गोट्या अनेक, ही या पेटीची युक्ती.

या साऱ्या व्यवस्थेचा आधार एकच आहे : गोटीचे तोंड आणि नटाचे डोके यांचे माप तंतोतंत जुळले पाहिजे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. अर्ध्या इंचाच्या नटावर १३ मिलिमीटरची गोटी घातली, तर ती बसते. फरक मिलिमीटरच्या तीनदशांश भागाचा. डोळ्यांना तो दिसत नाही. परंतु गंजलेला नट सोडविण्यासाठी दांड्यावर सारा भार टाकला की गोटी निसटते, नटाचे कोपरे घासले जातात आणि एक-दोन वेळा असे घडले की षट्कोनाचा गोल होतो. मग कोणताही पान्हा चालत नाही. छिन्नी-हातोडा हाती घ्यावा लागतो, पाच मिनिटांच्या कामाला दिवस लागतो आणि हाताची साल जाते ती वेगळीच. चुकीच्या पेटीची किंमत ही अशी असते. आणि ती पेटी चुकीची ठरण्याचे कारण पोलादाच्या दर्जात असतेच असे नाही. पुष्कळदा ते इतिहासात असते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील यंत्रशाळांत नट आणि बोल्ट यांची गाठ जणू ब्रह्मदेवानेच बांधलेली असे. प्रत्येक कारखाना आपल्या मनाप्रमाणे आटे पाडी. एवढेच नव्हे, तर एकाच कारखान्यातील दोन बोल्टांचे आटेही एकमेकांशी जुळतील याची खात्री नसे. यंत्र उघडताना कोणता नट कोणत्या बोल्टाचा याच्या खुणा करून ठेवाव्या लागत. खुणा पुसल्या गेल्या की कारागिरांचे हाल सुरू होत. लंडनच्या हेन्री मॉडस्ले या यंत्रकाराने १८०० च्या सुमारास आटे पाडण्याचा अचूक लेथ उभा केला आणि निदान आपल्या शाळेपुरती या अनागोंदीला शिस्त लावली. त्याच्या हाताखाली शिकून बाहेर पडलेल्या कारागिरांत जोसेफ व्हिटवर्थ हा एक होता. पुढे तो मँचेस्टरला स्वतंत्रपणे यंत्रे घडवू लागला.

व्हिटवर्थचा मोठेपणा असा की, स्वतःचा आटा इतरांवर लादण्याऐवजी त्याने इंग्लंडमधील अनेक कारखान्यांतील बोल्ट गोळा केले, त्यांची मापे घेतली आणि त्यांतून मध्यम मान काढले. १८४१ साली लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्याने आपली योजना मांडली. आट्याचा कोन ५५ अंशांचा, माथा आणि तळ गोलसर, आणि प्रत्येक जाडीच्या बोल्टास इंचामागे किती आटे असावेत याचा ठरलेला तक्ता. पाव इंचाच्या बोल्टास इंचामागे २० आटे, अर्ध्या इंचाच्या बोल्टास १२, एक इंचाच्या बोल्टास ८, असे ते प्रमाण होते. कोणाचाच पूर्ण विजय नाही आणि कोणाचाच पूर्ण पराभव नाही, अशा त्या तोडग्याला रेल्वेच्या कारखान्यांनी उचलून धरले आणि मग इतरांनाही तो स्वीकारणे भाग पडले. इंग्लंडची इंजिने, पंप आणि माग हिंदुस्थानात आले, त्यांच्यासोबत व्हिटवर्थचा आटा आणि त्याचे पान्हेही आले.

एकदा एवढे झाल्यावर जगाचा प्रश्न सुटला असे वाटणे साहजिक होते. तसे झाले नाही. २१ एप्रिल १८६४ रोजी फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन संस्थेत विल्यम सेलर्स या अमेरिकन यंत्रकाराने व्हिटवर्थच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. ५५ अंशांचा कोन मोजण्यास अवघड आणि गोलसर माथा घडविण्यास कठीण, असे त्याचे म्हणणे. त्याने ६० अंशांचा कोन आणि सपाट माथा सुचविला. ६० अंश म्हणजे समभुज त्रिकोणाचा कोन. तो साध्या कारागिरालाही साधता येतो. सेलर्सचा युक्तिवाद सयुक्तिक होता आणि अमेरिकेने तो मान्य केला. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, एकच भाषा बोलणारे आणि एकच इंच मानणारे दोन देश नट-बोल्टांच्या बाबतीत परके झाले. व्हिटवर्थच्या अर्ध्या इंची बोल्टास इंचामागे १२ आटे, सेलर्सच्या बोल्टास १३. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर दोन फेरे चढे आणि अडकून बसे.

तिसरा पक्ष युरोपातील मीटर मानणाऱ्यांचा. १८९८ साली झुरिक येथे भरलेल्या परिषदेत त्यांनी मिलिमीटरवर आधारलेली आट्यांची पद्धत निश्चित केली. तिचा कोनही ६० अंशांचाच होता. रस्त्यावर मोटार धावू लागली तो काळ नेमका हाच. म्हणजे मोटार जन्माला आली तीच तीन घराण्यांत विभागून : इंग्लंडची व्हिटवर्थ घराण्याची, अमेरिकेची सेलर्स घराण्याची आणि फ्रान्स, जर्मनी, इटली यांची मीटर घराण्याची.

गोटी पान्ह्याचा उदय अमेरिकेत झाला. रॅचेटच्या दांड्यावर बदलत्या गोट्या बसविण्याची कल्पना व्हरमाँट संस्थानातील वुडस्टॉक येथील जे. जे. रिचर्डसन याने मांडली आणि १६ जून १८६३ रोजी तिचे पेटंट मिळविले. पण त्या वेळी घरोघर नट सोडविण्यासारखे यंत्र नव्हते. ही कल्पना पन्नासहून अधिक वर्षे कारखान्यांच्या कोपऱ्यात राहिली. हेन्री फोर्डची 'मॉडेल टी' १९०८ साली बाजारात आली आणि लवकरच लक्षावधी साध्या माणसांच्या दारात यंत्र उभे राहिले. दुरुस्तीचे दुकान कोसगणती दूर असे. शेतकऱ्याला स्वतःच गाडीखाली शिरावे लागे.

तरीही त्या काळी प्रत्येक मापाचा गोटी पान्हा वेगळा, दांड्यासकट एकसंध मिळे. दहा माप हवे असतील आणि पाच तऱ्हेचे दांडे हवे असतील, तर पन्नास हत्यारे बाळगावी लागत. विस्कॉन्सिनमधील मिलवॉकीच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या जोसेफ जॉन्सनने हा हिशेब उलटा मांडला. पाच दांडे आणि दहा सुट्या गोट्या एकमेकांत अडकतील अशा केल्या, तर पंधरा वस्तूंत पन्नास हत्यारांचे काम होते. विल्यम साइडमन या सहकाऱ्यासह त्याने १९२० साली 'स्नॅप-ऑन' ही कंपनी काढली. आज कोणत्याही देशातल्या कोणत्याही कंपनीची पेटी उघडली, तरी तिच्यात हाच हिशेब मांडलेला दिसतो.

या हिशेबाचा एक गमतीचा अवशेष अजून टिकून आहे. दांड्याच्या चौकोनी टोकाची मापे अमेरिकेत पाव इंच, तीन अष्टमांश इंच आणि अर्धा इंच अशी पडली. पुढे साऱ्या जगाने मिलिमीटर स्वीकारला, गोटीचे तोंड मिलिमीटरचे झाले. पण तिच्या पाठीचे चौकोनी भोक मात्र इंचाच्याच मापाचे राहिले. जपानमध्ये घडलेल्या १० मिलिमीटरच्या गोटीलासुद्धा मागील बाजूस इंचाच्या हिशेबाचा चौकोन असतो. ते माप बदलल्याने कोणाचाच लाभ नव्हता आणि हानी मात्र सर्वांची होती, म्हणून ते राहिले. प्रमाण ठरते ते नेहमी तर्काने ठरते असे नाही. कित्येकदा ते केवळ सर्वांनी पाळल्यामुळे योग्य ठरते.

इकडे तीन घराण्यांच्या भांडणात कारागिरांना कोणकोणत्या कसरती कराव्या लागल्या, याचा एक नमुना इंग्लंडच्या मॉरिस मोटारीत पाहावयास मिळतो. पहिल्या महायुद्धात 'हॉचकिस' या फ्रेंच शस्त्रास्त्र कंपनीने इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे कारखाना थाटला. युद्ध संपल्यावर तो कारखाना मॉरिससाठी इंजिने करू लागला. यंत्रसामग्री फ्रेंच, त्यामुळे आटे मिलिमीटरचे पडत. परंतु इंग्लंडमधील गॅरेजवाल्यांजवळ पान्हे व्हिटवर्थचे. तेव्हा तोडगा असा निघाला की बोल्टाचे अंग फ्रेंच ठेवावे आणि डोके इंग्रजी! १९२३ साली मॉरिसने तो कारखाना विकत घेतल्यावरही हा संकर पुढे तीस वर्षे चालू राहिला. पान्हा बिनचूक बसे. पण नवा बोल्ट बाजारातून आणला की तो आत जात नसे.

पान्ह्यांच्या नावांचा घोळ तर याहून मोठा. व्हिटवर्थच्या पान्ह्यावरचा आकडा नटाच्या रुंदीचा नसून बोल्टाच्या जाडीचा असतो. पाव इंच असे कोरलेल्या व्हिटवर्थ पान्ह्याचे तोंड प्रत्यक्षात अर्ध्या इंचाहूनही किंचित मोठे, सुमारे १३.३ मिलिमीटरचे भरते. त्याउलट अमेरिकन पान्ह्यावर नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधले अंतर कोरलेले असते, आणि मिलिमीटरच्या पान्ह्यावरही तेच. म्हणजे एकाच बाकावर ठेवलेल्या दोन पान्ह्यांवर 'अर्धा' असे कोरलेले असूनही त्यांच्या तोंडांत मोठा फरक असू शकतो. व्हिटवर्थचे आकडे वाचणे ही एक स्वतंत्र विद्याच होती.

हे सारे दुसऱ्या महायुद्धात असह्य झाले. रोल्स-रॉइस कंपनीचे 'मर्लिन' हे विमानाचे इंजिन अमेरिकेत तयार करण्याचे काम १९४० साली पॅकार्ड या मोटार कंपनीने पत्करले. इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेत झालेल्या इंजिनांचे भाग परस्परांत बसणे आवश्यक होते. तेव्हा अमेरिकेत कोठेही न मिळणारे इंग्रजी आटे पाडण्यासाठी पॅकार्डला हत्यारेसुद्धा स्वतः घडवावी लागली. दोस्त राष्ट्रे एकाच रणांगणावर लढत होती. पण एकाच्या रणगाड्याचा बोल्ट दुसऱ्याच्या रणगाड्याला चालत नव्हता. अखेर १८ नोव्हेंबर १९४८ रोजी वॉशिंग्टन येथे अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकीकृत आट्यांच्या करारावर सह्या केल्या. कोन ६० अंशांचा ठरला. व्हिटवर्थचा ५५ अंशांचा कोन मागे पडला. इंग्रजी मोटारी हळूहळू या नव्या आट्याकडे वळल्या. परंतु सेलर्सच्या सूचनेपासून या समेटापर्यंत ८४ वर्षे गेली, आणि मीटरचे घराणे तर अजून वेगळेच होते.

या तिन्ही घराण्यांची गाठ ज्या देशांत एकाच गॅरेजात पडली, त्यांत भारत अग्रभागी होता. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे मोटारी जोडण्याचा कारखाना काढला आणि अमेरिकन माप येथे रूढ झाले. महायुद्धानंतर जीप आली; महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत ती जोडण्यास प्रारंभ केला. तिचेही माप अमेरिकन इंचांचेच. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या त्यांच्या कारखान्यात प्रथम क्रायस्लरच्या अमेरिकन गाड्या जोडल्या जात. पुढे १९५० च्या दशकात इटलीच्या फियाटशी संबंध जुळला आणि मुंबईत मिलिमीटरचा नट आला. तिकडे पश्चिम बंगालात उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सने इंग्लंडच्या 'मॉरिस ऑक्सफर्ड'वरून अॅम्बॅसेडर घडविली. तिचे नट इंचांचे. मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड हीही इंग्रजी वंशाची, म्हणून इंचीच.

परिणामी देशाच्या दोन टोकांच्या दोन महानगरांत दोन भिन्न मापे नांदू लागली. कोलकात्याची टॅक्सी अॅम्बॅसेडर. तिला इंची पान्हा लागे. मुंबईची टॅक्सी फियाट, जिचे पुढे १९७० च्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' असे नाव झाले. तिला मिलिमीटरी पान्हा लागे. कोलकात्याचा मिस्तरी नोकरीसाठी मुंबईस आला, तर त्याच्या हातची कला त्याच्याबरोबर येई. पण हत्यारांची पेटी निम्मी निरुपयोगी ठरे. महाराष्ट्रातील गॅरेजांत या दोन मापांना दोन बोलीच निर्माण झाल्या. इंची माप सुतांत बोलले जाई. आठ सूत म्हणजे एक इंच. म्हणून अर्धा इंच म्हणजे चार सूत, तीन अष्टमांश म्हणजे तीन सूत. मिलिमीटरचे पान्हे मात्र जोडीने ओळखले जात : दहा-अकराचा, बारा-तेराचा, चौदा-पंधराचा. हाताखालच्या पोराला 'बारा-तेराचा आण' म्हटले की गाडी कोणत्या वंशाची आहे, हे ऐकणाऱ्यास कळून चुके.

यातील विरोधाभास असा की, याच काळात देशाने कायद्याने मीटर स्वीकारला होता. भारतीय मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली. वजने आणि मापे यांच्या प्रमाणाचा कायदा १९५६ साली संमत झाला. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी चालू झाली. शेर गेला, किलोग्रॅम आला. आणे गेले, नवे पैसे आले. वाण्याच्या दुकानी तराजू काही वर्षांत बदलला. पण रस्त्यावर धावणारी मोटार तिच्या जन्माच्या मापाला मरेपर्यंत चिकटून राहते. अॅम्बॅसेडर २०१४ पर्यंत तयार होत होती. १९९० च्या दशकात तिला जपानच्या इसुझूचे इंजिन मिळाले, तेव्हा एकाच गाडीच्या पोटात मिलिमीटर आणि अंगावर इंच अशी स्थिती झाली. तिच्या धन्याला दोन्ही पेट्या बाळगणे प्राप्त झाले.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि मिलिमीटरचा जय झाला असे वाटले. तो जय खरा होता, पण पूर्ण नव्हता. मिलिमीटरच्या घराण्यातही भाऊबंदकी आहे. आठ मिलिमीटर जाडीच्या बोल्टाचे डोके युरोपच्या रीतीप्रमाणे १३ मिलिमीटरचे असते. जपानी मोटारींत ते बहुधा १२ चे. दहा मिलिमीटर जाडीच्या बोल्टाचे डोके जुन्या जर्मन प्रमाणाप्रमाणे १७ चे, नव्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाप्रमाणे १६ चे आणि जपानी रीतीप्रमाणे १४ चे. म्हणून फियाटच्या मिस्तरीचे १३ आणि १७ चे पान्हे झिजलेले असत, आणि मारुतीच्या मिस्तरीचे १०, १२ आणि १४ चे. दुकानदाराच्या 'गाडी कोणती?' या प्रश्नाचे रहस्य ते हेच. गाडीचे नाव सांगणे म्हणजे ती कोणत्या करारनाम्याखाली जन्मली हे सांगणे होय.

हा इतिहास ध्यानी घेतला, म्हणजे पेटीची निवड कठीण राहत नाही. पहिला नियम हा की नगांच्या संख्येला भुलू नये. शंभरावर नगांच्या पेटीत पुष्कळदा पेचकसाच्या लहान टोकांचीच भरती असते, आणि नेमकी हवी ती गोटी नसते. आजच्या भारतीय गाड्यांसाठी ८ ते १९ मिलिमीटरपर्यंतच्या गोट्या सलग असाव्यात. एकही माप गाळलेले नसावे. १६ आणि १८ ही मापे कित्येक पेट्यांत वगळलेली असतात आणि युरोपीय वंशाच्या गाडीला नेमकी तीच लागतात. चाकाच्या नटाचे माप गाडीच्या पुस्तिकेत पाहून ती गोटी पेटीत आहे याची खात्री करावी. जुनी अॅम्बॅसेडर किंवा जीप हौसेने जपणाऱ्याने इंची पेटी स्वतंत्रच घ्यावी. जवळच्या मिलिमीटर मापावर वेळ मारून नेऊ नये. तीनचतुर्थांश इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तेथे १९ ची गोटी बसूनही जाते. पण एका ठिकाणी साधलेला हा योगायोग दुसऱ्या ठिकाणी नट बिघडवतो.

दुसरा नियम चौकोनाचा. घरच्या बहुतेक कामांना तीन सुती, म्हणजे तीन अष्टमांश इंचाच्या चौकोनाचा दांडा पुरतो. चाकाचे नट आणि चासीखालचे जड बोल्ट यांना चार सुतीच हवा. दोन सुती दांडा नाजूक कामांपुरता. तिसरा नियम गोटीच्या तोंडाचा. बारा कोनांची गोटी नटावर चटकन बसते, कारण तिला थोडेसेच फिरवावे लागते. पण सहा कोनांची गोटी नटाला अधिक भक्कम धरते आणि गंजलेल्या नटाचे कोपरे खात नाही. एकच संच घ्यावयाचा असेल, तर तो सहा कोनांचा घ्यावा. पोलाद क्रोम-व्हॅनेडियमचे असावे आणि गोटीच्या अंगावर माप ठसठशीत कोरलेले असावे. अंधाऱ्या जागी ते बोटानेही वाचता आले पाहिजे.

चौथा नियम दांड्यांचा. रॅचेटच्या पोटात लहान दात असतात. अडून बसलेला नट त्याने सोडवू जाणे आणि त्यावर नळी चढवून जोर लावणे म्हणजे त्या दातांवर संकट ओढवून घेणे. पहिला हिसका लांब, साध्या दांड्याने द्यावा. नट हलला की मग रॅचेट लावावे. आवळण्याच्या कामीही शक्तीपेक्षा हिशेबाला महत्त्व आहे. अर्धा मीटर लांबीच्या दांड्यावर वीस किलोग्रॅमचा भार टाकला की नटावर सुमारे ९८ न्यूटन-मीटर इतका पीळ पडतो. दांडा दुप्पट लांब केला तर तोच भार दुप्पट पीळ देतो. म्हणूनच चाकाचे नट आणि इंजिनाच्या माथ्याचे बोल्ट आवळण्यासाठी पीळ मोजणारा पान्हा वापरतात. ढिला नट जितका घातक, तितकाच आटे ताणले जातील इतका आवळलेला नटही घातक. आणि हे सारे करताना गाडी केवळ जॅकवर उभी करून तिच्याखाली कधीही शिरू नये. खाली पक्क्या घोड्या द्याव्यात.

पेटीच्या निवडीचा हा विचार वरवर खासगी आणि घरगुती भासतो, परंतु त्यात एक सार्वजनिक प्रश्नही दडलेला आहे. नट ठरलेल्या मापाचा असला, म्हणजे तो उघडण्याचा अधिकार पान्हा बाळगणाऱ्या प्रत्येकाला मिळतो. नट एखाद्या कारखान्याच्या खास मापाचा असला, म्हणजे तो अधिकार त्या कारखान्यापुरताच राहतो. व्हिटवर्थपूर्वी ही स्थिती अज्ञानामुळे होती. अलीकडे ती कित्येकदा हेतुपुरस्सर निर्माण केली जाते. १९६७ साली अमेरिकेत निघालेल्या 'टॉर्क्स' या सहा पाकळ्यांच्या पेचाला सार्वत्रिक प्रमाण मिळाले, म्हणून त्याची टोके आज कोठेही विकत मिळतात. त्याच पेचाच्या मध्यभागी एक खुंटी ठेवून तो सामान्य हत्याराने उघडू नये, अशीही योजना केली जाते. आणि आता तर कुलूप पोलादाचे राहिलेले नाही. ते गाडीच्या संगणकात आहे. बिघाड वाचण्याचे उपकरण आणि दुरुस्तीची पुस्तिका ज्याच्यापाशी नाही, त्याच्या हाती उत्तम गोट्यांची पेटी असूनही तो अर्धाच मिस्तरी ठरतो.

भारतात हा प्रश्न न्यायासनापुढे आला आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मूळ सुटे भाग, निदानाची उपकरणे आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना खुल्या बाजारात मिळू दिली जात नाही, असा आयोगाचा निष्कर्ष होता. प्रकरण पुढे अपिलांत गेले. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि तिच्या विषयांत मोटारींचाही समावेश केला. नाक्यावरच्या गॅरेजात राबणाऱ्या मिस्तरीचे पोट आणि गाडीच्या धन्याची ऐपत, दोन्ही या प्रश्नाशी बांधलेली आहेत.

व्हिटवर्थने गोळा केलेल्या बोल्टांपासून आयोगाच्या निकालपत्रापर्यंतचा हा धागा एकच आहे. यंत्र कोणी घडविले यापेक्षा ते कोणाला उघडता येते, यावर त्याचे आयुष्य अवलंबून असते. आणि ते उघडता यावे यासाठी एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेल्या माणसांनी कधीतरी एकत्र बसून काही आकडे मान्य करावे लागतात. ज्या गृहस्थाच्या घरी पायरीखालच्या कपाटात १०, १२ आणि १४ च्या गोट्या नीट पुसून ठेवलेल्या असतात, त्याला या परिषदांची नावे ठाऊक नसली तरी चालतील. रविवारी सकाळी बॅटरीचा गंजलेला नट त्याच्या हाताने विनासायास सुटतो, तेव्हा त्या परिषदांचे काम झालेले असते.